गाडी जुनी, इंजिन दुसरे

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्या तंजावर येथील सहलीत, सायंकाळच्या बैठकीत झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



आज सकाळी बृहदीश्वराच्या भिंतीवरील मराठी शिलालेखासमोर आपल्यापैकी कित्येकजण बराच वेळ रेंगाळले होते. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास तेथे कोरविला. राजराज चोळाने उभारलेल्या मंदिरात, तामिळ लेखांच्या शेजारी, जवळजवळ आठशे वर्षांनी मराठी अक्षरे येऊन बसली आणि आज ती तेथे उपरी वाटत नाहीत. अंगणातला भव्य नंदी नायकांच्या काळचा, सुब्रह्मण्याचे नाजूक देऊळही चोळांच्या नंतरचे. जुन्या वास्तूत पुढच्या काळाने काही आणून बसवावे आणि ते शोभावे किंवा न शोभावे, हा प्रश्न या गावात पावलोपावली भेटतो.

आजचा विषय मात्र दगडाचा नाही, चालत्या वस्तूचा आहे. भिंत जागेवर उभी राहिली की तिचे काम झाले. चाकाचे तसे नाही. ते फिरले पाहिजे, वळले पाहिजे आणि मुख्य म्हणजे थांबलेही पाहिजे. म्हणून जुनी चालती वस्तू जपणे हे जुनी वास्तू जपण्याहून अवघड असते. ती चालवावी तर झिजते. न चालवावी तर ती जी वस्तू होती तीच राहत नाही.

शाळेच्या समारंभात मोटारीच्या इंजिनाचा विषय कशाला, असे कोणाच्या मनात आले असेल. पण या सभागृहात मोटार कारखान्यांत आयुष्य घालविलेली मंडळी बसली आहेत, आणि ज्यांच्या घरच्या पडवीत आजोबांची गाडी ताडपत्रीखाली उभी आहे अशीही काही आहेत. त्या गाडीचे करावयाचे काय, यावरून भावाभावांत मतभेद होतात. मूळ इंजिन दुरुस्त करीत वर्षे घालवावीत, की दुसरे, नंतरच्या काळातले इंजिन बसवून गाडी रस्त्यावर आणावी? प्रश्न घरगुती वाटतो, पण त्याला कायद्याची बाजू आहे, यंत्रशास्त्राची आहे, आणि थोडी तत्त्वज्ञानाचीही आहे.

मोटारीकडे वळण्यापूर्वी याच प्रदेशातील एका फार जुन्या वाहनाची गोष्ट ऐकावी. तंजावरच्या मोठ्या देवळाचा रथोत्सव सुमारे शंभर वर्षे बंद होता. नवा रथ घडवून एप्रिल २०१५ मध्ये तो गावाच्या चार राजवीथ्यांतून पुन्हा ओढला गेला. येथून पूर्वेस पन्नास-साठ किलोमीटरांवर तिरुवारूर आहे. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षित आणि श्यामा शास्त्री या तिघांचेही जन्मगाव. तेथील रथाला ‘आळित्तेर’ म्हणतात. सजविल्यावर त्याची उंची सुमारे ९६ फूट होते आणि वजन तीनशे टनांच्या घरात जाते. १९२० च्या दशकात आगीत मूळ रथ जळाला आणि पुन्हा बांधला गेला. एवढे धूड लाकडी चाकांवर हलवायचे, कोपऱ्यावर वळवायचे आणि घरांच्या भिंतींना न खेटता थांबवायचे. थांबविण्यासाठी आणि वळविण्यासाठी चाकाखाली लाकडी पाचरी टाकीत. पाचर टाकणाऱ्या माणसाचा हात आणि चाक यांच्यामध्ये वीतभर अंतर असे.

पुढे तिरुचिरापल्लीच्या भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या कारखान्याने या रथाला पोलादी चाके, पोलादी आस आणि द्रवदाबावर चालणारे ब्रेक बसविले. वाफेचे बॉयलर घडविणारा हा कारखाना. त्याच्या हातून तामिळनाडूतील कित्येक रथांचे पाय बदलले गेले आहेत. आज आळित्तेर निघतो तेव्हा पुढे हजारो हात दोर ओढतात आणि मागून बुलडोझर रेटा देतात. वर कोरीव लाकूड, रंगीत कापड, देव. खाली पोलाद आणि तेलाचा दाब. पाचरी टाकणारे अजूनही चाकाजवळ असतात. दोर ओढणाऱ्या माणसाला विचारले की हा रथ जुनाच का, तर तो प्रश्नाकडे चकित होऊन पाहील. देव तोच, वीथी त्याच, दोर हातात आहे. त्याला आणखी काय हवे?

मोटारीच्या बाबतीत उत्तर इतके सोपे नाही, कारण तेथे दोर ओढणारे कोणी नसते. चालविणारी शक्ती गाडीच्या पोटातच असते, आणि बदलायची वेळ येते ती नेमकी त्या शक्तीची.

जुन्या स्पोर्ट्स गाडीत नंतरचे इंजिन बसविण्याचा जगातला सर्वांत गाजलेला प्रयोग इंग्लंड आणि अमेरिका यांच्या दरम्यान घडला. लंडनजवळ थेम्स डिटन येथे एसी नावाचा लहानसा कारखाना होता. १९५३ साली त्याने ‘एस’ ही दोन आसनांची उघडी गाडी काढली. नळ्यांची चासी, वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, देखणी आणि हलकी. पण तिच्या पोटातले दोन लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन जॉन वेलर यांनी पहिले महायुद्ध संपता संपता आखलेले, १९१९ मध्ये लोकांसमोर आलेले होते. म्हणजे गाडी नवी आणि इंजिन जुने, असा उलटा संसार. पुढे १९५६ पासून त्या गाडीत ब्रिस्टल कंपनीचे इंजिन मिळू लागले. त्याचे मूळ युद्धापूर्वीच्या जर्मन बीएमडब्ल्यू गाडीत होते. १९६१ च्या सुमारास ब्रिस्टलने ते इंजिन बनविणे थांबविण्याचे ठरविले आणि एसीपुढे प्रश्न उभा राहिला. फोर्डच्या झेफर गाडीचे इंजिन घालून पाहिले गेले. त्याने वेळ निभावली, एवढेच.

त्याच वर्षी कॅरोल शेल्बी या अमेरिकन चालकाचे पत्र कारखान्याला आले. १९५९ ची ले मांची चोवीस तासांची शर्यत रॉय साल्वादोरी यांच्या जोडीने त्याने जिंकली होती. पण हृदयविकारामुळे शर्यती सोडाव्या लागल्या होत्या. आपल्या गाडीत अमेरिकन आठ सिलिंडरांचे इंजिन बसेल का, अशी त्याची विचारणा होती. फोर्डने नुकतेच पातळ भिंतींचे बीड ओतून नवे लहान व्ही-आठ इंजिन तयार केले होते. सव्वाचार लिटरांचे, आणि तरी वजनाला ब्रिस्टलच्या इंजिनाहून फारसे जड नाही. १९६२ च्या आरंभी एक इंजिनविरहित गाडी अमेरिकेस गेली आणि तेथे तिच्या पोटात ते बसविले गेले. तीच ‘कोब्रा’. शक्ती एकदम दुपटीहून अधिक झाली.

येथे ऐकणाऱ्याला वाटते की काम संपले. खरे तर काम येथून सुरू होते, आणि घरच्या गाडीचा विचार करणाऱ्यांनी या भागाकडे अधिक लक्ष द्यावे. इंजिन उचलून दुसरे ठेवणे हे साखळीच्या कप्पीचे एका दुपारचे काम आहे. पण इंजिन एकटे नसते. त्याच्यामागे क्लच, गिअरबॉक्स, मागच्या आसाकडे जाणारा दांडा, डिफरन्शियल आणि मागची चाके अशी रांग असते. जुन्या इंजिनाच्या ताकदीला पुरेल एवढ्याच जाडीने ही रांग घडविलेली असते. ताकद दुप्पट झाली की साखळीतली सर्वांत कच्ची कडी तुटते. कोब्रात म्हणून अधिक भक्कम डिफरन्शियल घालावे लागले, चासीच्या नळ्या जाड कराव्या लागल्या, आणि पुढे स्टिअरिंगची रचनाही बदलावी लागली. शेवटी १९६५ मध्ये सात लिटरांचे अवाढव्य इंजिन बसविण्याची वेळ आली तेव्हा जुनी चासी पुरेना. चासी आणि स्प्रिंगा नव्याने आखल्या गेल्या. त्याच वर्षी शेल्बीच्या गाड्यांनी जीटी गटाचे जागतिक विजेतेपद मिळविले. इंजिन बदलण्यापासून सुरुवात केली आणि अखेर गाडीच बदलली. या व्यवसायातला हा नेहमीचा अनुभव आहे.

दुसरी अडचण जागेची. रूट्स कंपनीने आपल्या ‘सनबीम अल्पाइन’ या गोंडस गाडीत तेच फोर्डचे इंजिन घालून १९६४ मध्ये ‘टायगर’ काढली. इंजिन आत जाता जाईना. कारखान्यात रंगाचा पहिला हात दिलेल्या नव्या गाडीच्या पत्र्यावर घण घालून जागा करीत, असे तिच्या इतिहासात नमूद आहे. एक स्पार्क प्लग तर असा अडचणीत गेला की तो काढण्यासाठी इंजिन आणि बैठक यांमधल्या पत्र्याला छिद्र ठेवावे लागले. चालकाच्या पायाकडून हात घालून प्लग बदलायचा. आणि शेवट आणखी मजेदार. क्रायस्लर कंपनीने रूट्स ताब्यात घेतली. आता आपल्या प्रतिस्पर्ध्याचे इंजिन आपल्या गाडीत कसे चालेल? पण क्रायस्लरच्या स्वतःच्या व्ही-आठ इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर मागच्या बाजूस होता आणि त्याला तेथे जागाच नव्हती. १९६७ मध्ये टायगर बंद झाली. एवढ्या मोठ्या व्यवहारात एका ओंजळीएवढ्या भागाने निकाल दिला.

याउलट एमजीबीचे उदाहरण. तिचे मूळ चार सिलिंडरांचे इंजिन बीडाचे होते. १९७३ ते १९७६ या काळात तिच्यात रोव्हरचे साडेतीन लिटरांचे ॲल्युमिनियमचे व्ही-आठ बसविले गेले आणि सिलिंडर दुप्पट होऊनही वजन जवळजवळ तेवढेच राहिले. गाडीचा तोल बिघडला नाही. जुन्या गाडीच्या पुढच्या आसावर वजन वाढले की ती वळणावर हट्टी होते, नाक सरळच ठेवते. कमी झाले तरी तिची चाल बदलते. म्हणून जाणता मिस्त्री नव्या इंजिनाची ताकद विचारण्याआधी त्याचे वजन विचारतो. त्यानंतर रेडिएटर पुरेल का, तेलाची टाकी पुढच्या आडव्या पट्टीला लागेल का, सायलेंसरचा पाइप स्टिअरिंगच्या दांड्याला भिडेल का, हे प्रश्न येतात. ब्रेकचा प्रश्न तर सर्वांत पहिला असायला हवा. तो बहुधा शेवटी येतो. जुन्या कित्येक गाड्यांची वीज सहा व्होल्टची असते, आणि कित्येक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असते. हे न पाहता नव्या इंजिनाचा अल्टर्नेटर जोडला की धूर निघतो.

आता आपल्या घरी येऊ. भारतात हा प्रयोग हौसेने फार थोड्यांनी केला. बहुतेकांनी तो नाइलाजाने केला. १९५० च्या दशकापासून परदेशी मोटारींची आयात जवळजवळ थांबली. संस्थानिकांच्या, डॉक्टरांच्या, चहामळ्यांच्या गाड्या रस्त्यावर होत्या, पण त्यांचे पिस्टन आणि बेअरिंगा आणायच्या कोठून? बोअर पुन्हापुन्हा वाढवून सिलिंडर पातळ झाले, हेड तडकले, आणि एके दिवशी मिस्त्रीने सांगितले की आता यात काही राहिले नाही. तेव्हा जे इंजिन बाजारात मिळत होते ते बसविले गेले. बहुधा ते ॲम्बॅसॅडरचे असे, नाहीतर जीपचे. यात एक गंमत आहे. ॲम्बॅसॅडरला १९५९ पासून जे १४८९ सीसीचे इंजिन मिळाले ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतले; आणि त्याच मालिकेतले, तेवढ्याच मापाचे इंजिन, दोन कार्बुरेटर लावून, एमजीए या स्पोर्ट्स गाडीत बसविलेले होते. सरकारी कचेरीबाहेर पांढऱ्या पडद्यांसह उभी असणारी गाडी आणि शर्यतीच्या मैदानावरची गाडी, दोघी एका पोटच्या. म्हणून आपल्याकडे एमजीएत ॲम्बॅसॅडरचे इंजिन गेले तर ते परके म्हणता येत नाही. चुलत भाऊ दत्तक आला, एवढेच.

आणि ज्या ॲम्बॅसॅडरने इतरांना इंजिने पुरविली तिच्यावरही ती पाळी आली. मॉरिस ऑक्सफर्डचा १९५० च्या दशकातला देह तसाच ठेवून १९९० च्या दशकाच्या आरंभी तिच्यात जपानच्या इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन घातले गेले. त्याआधी तोच उपाय कॉन्टेसावर झाला होता. १९८४ मध्ये आलेली ती रुंद, ऐटदार गाडी व्हॉक्सहॉलच्या साच्यातली. पण आत तेच जुने ‘बी’ मालिकेचे इंजिन असल्याने चढावर दमत असे. इसुझूचे इंजिन आल्यावर तिला आपल्या रूपाला साजेल अशी चाल मिळाली. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने १९८५ मध्ये फियाट १२४ च्या देहात निस्सानचे इंजिन घालून ११८ एनई काढली. अनेकांच्या पहिल्या नोकरीच्या आठवणी या गाडीशी निगडित आहेत. आकुर्डीच्या मॅटाडोर व्हॅनचे डिझेल इंजिन टॅक्सीवाल्यांनी ॲम्बॅसॅडरमध्ये आणि शेतकऱ्यांनी जीपमध्ये घातले. त्या गाड्यांचा धडधडाट दोन गल्ल्यांपलीकडून ऐकू येई. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सींनी इंजिन ठेवले आणि इंधन बदलले, पेट्रोलऐवजी सीएनजी घेतले. त्यांतली शेवटची नोंदलेली टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली.

हे सारे कारखान्यांनी केले तेव्हा त्याला ‘नवी आवृत्ती’ म्हटले गेले. घरच्या गाडीत तेच केले की त्याला काय म्हणायचे? इथे कायदा येतो.

प्रत्येक मोटारीला दोन क्रमांक असतात, एक चासीचा आणि एक इंजिनाचा, आणि नोंदणीच्या पुस्तकात दोन्ही लिहिलेले असतात. जुन्या गाड्यांचे जाणकार आधी हे दोन क्रमांक जुळतात का ते पाहतात. जुळले तर किंमत वेगळी, न जुळले तर वेगळी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे सांगते की कारखानदाराने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये. सीएनजीसारख्या वेगळ्या इंधनासाठी मात्र त्यात वाट ठेवली आहे. त्यानंतर जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, व्यापारी उपयोगात नसलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिन्टेज’ म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुढच्या नोंदणीचे ५,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकाच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी रोज कामावर नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणे, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी. पण सर्वांत महत्त्वाची अट वेगळी आहे. गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चासी, देह किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा.

या एका वाक्यात पडवीतल्या गाडीचे भवितव्य अडकते. समजा, एखाद्या घरी १९५६ सालची स्पोर्ट्स गाडी आहे. तिचे मूळ इंजिन १९६८ मध्ये तडकले आणि आजोबांनी रीतसर परवानगी घेऊन ॲम्बॅसॅडरचे बसविले. त्या इंजिनावर ती गाडी पन्नास वर्षांहून अधिक काळ चालली. मूळ इंजिनावर अवघी बारा. तिच्यातूनच घरच्या सुना माप ओलांडायला आल्या, तिच्यातूनच मुले मॅट्रिकच्या परीक्षेला गेली. आज नियमाचा शब्दशः अर्थ घेतला तर ती ‘मूळ रूपात’ नाही. आणि परदेशातून महागडे जुने इंजिन मागवून गेल्या वर्षी बसविले तर ती मूळ रूपाच्या अधिक जवळ जाते. यात काहीतरी खटकते. गाडीने खरोखर जगलेले आयुष्य पुसून टाकले की ती अधिक ‘खरी’ ठरावी, हा न्याय विचित्र आहे.

नियमाची बाजूही समजून घेतली पाहिजे. अशी अट नसेल तर पन्नास वर्षांची चासी घेऊन तिच्यावर आजचे इंजिन, आजचे गिअर आणि वातानुकूलन चढवून कोणीही ‘व्हिन्टेज’ पाटी मिरवील. जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाने, ज्याला त्याच्या फ्रेंच नावावरून फिवा म्हणतात, २०१२ मध्ये ट्यूरिनची सनद स्वीकारली. तिचा रोख थोडा अधिक समंजस आहे. गाडीच्या वापराच्या काळात झालेले बदल हेही तिच्या इतिहासाचा भाग मानावेत. आज जे बदल करावे लागतील ते कमीत कमी असावेत, शक्यतो पुन्हा काढता येतील असे असावेत, आणि कोणता भाग नंतरचा आहे हे ओळखू यावे. आपल्या नियमांतही अशी वाट ठेवायला हवी: ज्या काळी सुटे भाग मिळतच नव्हते त्या काळात, परवानगीने व नोंदीनिशी बदललेले इंजिन हे दोष म्हणून न धरता त्या काळाचा पुरावा म्हणून धरावे. मात्र मूळ इंजिन धडधाकट असताना केवळ महामार्गावर शंभरचा वेग गाठावा म्हणून ते भंगारात घालणे, याला पाठिंबा देता येणार नाही. तो वेग देणाऱ्या गाड्या बाजारात पुष्कळ आहेत.

आणखी एक प्रकार अलीकडे दिसू लागला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुजरातेत एकतानगर आणि अहमदाबाद यांमध्ये जी वारसा गाडी सुरू झाली तिचे इंजिन दिसते वाफेचे आणि चालते विजेवर. मुलांना तिची मजा वाटते, त्याला हरकत नाही. पण त्यात जुने काहीच नाही. जुन्याचा वेष आहे. एसी एसचा देह खरा होता आणि फोर्डचे इंजिनही आपले नाव लपवीत नव्हते.

या प्रांतात वाफेच्या इंजिनाची एक गोष्ट घडली आहे, ती अधिक गंभीरपणे ऐकावी अशी आहे. मेट्टुपाळयमहून कुन्नूरपर्यंत चढणारी निलगिरीची दातेरी रेल्वे आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. तिची ‘एक्स’ वर्गाची इंजिने स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे घडलेली. पहिली तुकडी १९१४ पासून आली. रुळांच्या मधोमध दाते असलेली पट्टी आणि इंजिनाखाली तिच्यात अडकणारे दातेरी चाक, म्हणून ते एवढा चढ चढते. कुन्नूरच्या पुढे उदकमंडलमपर्यंत डिझेल इंजिने आली. खालच्या चढावर मात्र वाफ टिकली, आणि २००५ मध्ये युनेस्कोने या रेल्वेला जागतिक वारसा ठरविले. पण जुने बॉयलर थकले होते. सुटे भाग विंटरथूरहून मिळण्याची शक्यता नव्हती. कोळशाऐवजी तेल जाळण्याचा बदल काही इंजिनांत केला गेला. मग तिरुचिरापल्लीच्या पोन्मलै कारखान्याने, ज्याला इंग्रजी अमदानीत गोल्डन रॉक हे नाव पडले, वाफेची नवी इंजिनेच घडवायला घेतली. मूळ आराखडा तोच, बांधणी नवी, इंधन तेल. २०११ पासून अशी इंजिने बाहेर पडली. आणि २०२१ मध्ये त्याच कारखान्याने पुन्हा कोळशावर चालणारे नवे इंजिन घडविले.

क्रम पाहावा. जुने इंजिन, जुने इंधन. मग जुने इंजिन, नवे इंधन. मग नवे इंजिन, नवे इंधन. आणि शेवटी नवे इंजिन, जुने इंधन. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी म्हणू शकले असते की आता ही खरी निलगिरीची गाडी राहिली नाही. तरी ती चढ चढते, दात्यांत दाता अडकतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाफेच्या बॉयलरच्या नळ्या कशा बसवायच्या, दातेरी चाकाचा मेळ कसा घालायचा, हे हाताने जाणणारी माणसे पोन्मलैला पुन्हा तयार झाली. विंटरथूरहून आणलेल्या इंजिनाला संग्रहालयात काचेआड ठेवले असते तर इंजिन वाचले असते; हे हात वाचले नसते.

घरच्या गाडीबाबत निर्णय करताना हाच विचार उपयोगी पडेल. शक्य असेल तोवर मूळ इंजिन दुरुस्त करावे, कारण त्या निमित्ताने एखाद्या तरुण मिस्त्रीला लेथवर जुन्या मापाचा भाग घडविता येतो. ते अशक्य झाले तर दुसरे बसवावे. पण ज्या काळात ती गाडी वापरात होती त्या काळाला जवळचे निवडावे, चासीला भोक न पाडता बसेल असे पाहावे, आणि ब्रेक आधी तपासावेत. काढलेले मूळ इंजिन भंगारवाल्याला देऊ नये. तेल लावून, प्लगच्या जागी बुचे घालून, लाकडी चौकटीवर त्याच पडवीत ठेवावे. काढण्यापूर्वी प्रत्येक तारेचे, प्रत्येक पाइपचे छायाचित्र घ्यावे. नटबोल्ट पिशव्यांत घालून वर नाव लिहावे. आणि गाडीच्या कागदांत एक पान जोडावे: कोणते इंजिन कधी काढले, का काढले, कोणते बसविले, कोणाच्या परवानगीने आणि कोणत्या मिस्त्रीच्या हाताने. आज सकाळच्या भिंतीवर राजांची नावे होती, पण अक्षरे कोरणाऱ्या हाताचे नाव आपल्याला सापडले नाही. निदान गाडीच्या पानावर तरी मिस्त्रीचे नाव असावे.

उद्या सकाळी आपली आगगाडी तिरुचिरापल्लीकडे निघेल. त्याआधी पोन्मलै हे स्थानक लागते. गाडी तेथे फार वेळ थांबेलच असे नाही, म्हणून मुलांना खिडकीशी आधीच बसवावे.